पेला, धूर आणि प्रवासी : युरोपच्या वाटेवरील काही नियम

५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमधील लेस्टर शहरातून लफबरो गावाकडे एक खास आगगाडी निघाली. अंतर जेमतेम अकरा-बारा मैलांचे, भाडे माणशी एक शिलिंग आणि प्रवासी सुमारे पाचशे. गाडी ठरविणारा गृहस्थ व्यवसायाने लाकूडकाम करणारा आणि बाप्टिस्ट पंथाचा प्रचारक होता. प्रवासाचे निमित्त होते मद्यपाननिषेधाच्या सभेस जाण्याचे. त्या गृहस्थाचे नाव थॉमस कुक. पुढे जगभर सहली नेणारी जी पेढी त्याच्या नावाने प्रसिद्धीस आली, तिचा उगम असा दारू सोडलेल्या लोकांच्या एका दिवसाच्या सहलीत आहे. आज युरोपच्या सहलीची माहितीपत्रके चाळताना चषकांची चित्रे आधी नजरेस पडतात. म्हणून हा उगम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

त्याच लेस्टर शहरात ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका जुन्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाच्या वास्तूत जैन सेंटर उभे आहे. १९८८ साली तेथे प्रतिष्ठा झाली. पाश्चात्त्य देशांतील हे आरंभीच्या जैन मंदिरांपैकी एक. श्वेतांबर आणि दिगंबर अशा दोन्ही आम्नायांना एकाच छपराखाली तेथे स्थान मिळाले आहे, आणि संगमरवरी दर्शनी भाग पाहण्यास इतरधर्मीय शाळकरी मुलांच्या रांगाही येतात. याच शहरात २०१९ साली पोलिसांनी इंग्रजी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत पाट्या लावल्या : पान खाऊन रस्त्यावर थुंकणे अस्वच्छ व समाजविघातक आहे, १५० पौंड दंड होऊ शकतो. गुजरातीत पाटी लावावी लागली, यावर त्या वेळी काहींनी रोष व्यक्त केला, काहींनी मान खाली घातली. पाटीचा मजकूर मात्र खोटा नव्हता. मद्याला स्पर्श न करणारा माणूस सुपारी-तंबाखूचा बार भरून भिंत रंगवीत असेल, तर त्याच्या त्यागाची परदेशी शेजाऱ्याला काय किंमत वाटणार? युरोपातील नियमांचा विचार करताना केवळ तेथील लोकांची व्यसने मोजून भागत नाही, ते यासाठी.

या नियमांचे स्वरूप प्रथम समजून घ्यावे लागते. व्रत माणसाच्या आत्म्याकडे पाहते. कायदा त्याचे वय, उभे राहण्याची जागा आणि हातातील गाडीचे चाक पाहतो. म्हणून एकाच खंडात नियमांची विलक्षण सरमिसळ दिसते. जर्मनीत सोळा वर्षांचा मुलगा दुकानातून बिअर वा वाईन विकत घेऊ शकतो. तीव्र मद्यासाठी आणि सिगारेटसाठी मात्र अठरा पूर्ण व्हावी लागतात. बेल्जियमचा मद्यविषयक नियमही साधारण असाच. फ्रान्स, इटली, स्पेन येथे अठरा. लिथुआनियाने २०१८ पासून ही मर्यादा वीसवर नेली. स्वीडनमध्ये अठराव्या वर्षी उपाहारगृहात पेला मिळतो, पण सरकारी दुकानातून बाटली घेण्यास वीस पूर्ण लागतात. इंग्लंडात वय अठराच. तथापि पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या कोणालाही ओळखपत्र मागण्याची तेथील दुकानांची रीत आहे, त्यामुळे बावीस-तेवीस वर्षांच्या भारतीय तरुणास पारपत्र दाखवावे लागले तर त्यात अपमान मानू नये.

या वयांच्या आकड्यांचा खरा संबंध येतो तो शिक्षणासाठी गेलेल्या मुलांशी. सांगली-कोल्हापूरकडील एखाद्या घरातील मुलगा अभियांत्रिकीच्या पदवीनंतर आखेन वा म्यूनिकला जातो. तेथे त्याचे सहाध्यायी सोळाव्या वर्षापासून उघडपणे बिअर घेत आलेले असतात. त्यांच्या लेखी ते चोरून करावयाचे कृत्यच नव्हे. घरी ‘दारू’ या शब्दाभोवती जे भय आणि जी कुजबुज असते, ती तेथे नसते. भय गेले की त्यावर उभा असलेला निषेधही डळमळू लागतो. ज्याचा त्याग समजून-उमजून झालेला असतो, त्याला ही अडचण पडत नाही. मुलाला विमानतळावर सोडताना खाकऱ्याचे डबे आणि लोणच्याच्या बरण्या भरपूर दिल्या जातात. या विषयावर मोकळेपणी दोन गोष्टी बोलण्यास मात्र बापाची जीभ अडखळते.

या बाबतीत एक जुने उदाहरण जैन कुटुंबांना विशेष जवळचे आहे. १८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाले, तेव्हा मातोश्रींची समजूत घालण्याचे काम बेचरजी स्वामी या जैन साधूंनी केले. त्यांच्यासमोर मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा झाली आणि मगच अनुमती मिळाली. लंडनमधील इनर टेंपल या संस्थेत विद्यार्थ्यांना ठराविक संख्येने भोजनास हजर राहणे सक्तीचे होते. चौघांच्या गटाला वाईनच्या दोन बाटल्या मिळत. गांधी पीत नसल्यामुळे उरलेल्या तिघांच्या वाट्याला जास्त येई, आणि म्हणून प्रत्येक गट त्यांना आपल्यात ओढू पाही. हा प्रसंग गांधींनी आत्मकथेत विनोदानेच नोंदविला आहे. न पिणारा माणूस पंगतीत एकटा पडतो, ही भीती दूर करण्यास तो पुरेसा आहे. मात्र त्यात एक बारीक मेखही आहे, तिचा विचार पुढे येईल.

युरोप म्हणजे सरसकट मद्याचा प्रदेश, ही समजूत उत्तरेकडे गेल्यावर टिकत नाही. स्वीडनमध्ये साडेतीन टक्क्यांहून तीव्र मद्य किरकोळ विक्रीसाठी ‘सिस्टेमबोलागेट’ या सरकारी दुकानांतच प्रामुख्याने मिळते. शनिवारी दुपारी तीनला ही दुकाने बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. नॉर्वेत ‘विनमोनोपोलेट’, फिनलंडात ‘आल्को’, आइसलँडमध्ये ‘विनबुदिन’ अशी तशीच व्यवस्था आहे. नॉर्वेच्या किराणा दुकानांत सौम्य बिअर मिळते, पण रोज रात्री आठनंतर आणि शनिवारी सायंकाळी सहानंतर तिच्यावर पडदा ओढलेला दिसतो. यामागे शंभर-दीडशे वर्षांचे मद्यविरोधी आंदोलन आहे. फिनलंडात १९१९ ते १९३२ संपूर्ण दारूबंदी होती. आइसलँडमध्ये तर बिअरवरील बंदी १ मार्च १९८९ पर्यंत टिकली. स्वीडनने १९२२ मध्ये दारूबंदीवर जनमत घेतले. ती अवघ्या दोन टक्क्यांच्या फरकाने नाकारली गेली. तिच्याऐवजी तेथे ‘मोतबूक’ नावाची पुस्तिका चालली. शिधापत्रिकेवर साखर घ्यावी तशी त्या पुस्तिकेवर मद्याची नोंद होई, आणि ती ठराविक मर्यादेपलीकडे मिळत नसे. विवाहित स्त्रियांना ती सहसा दिलीच जात नसे. १९५५ मध्ये ही पद्धत संपली.

स्टॉकहोमला जाणाऱ्या श्रावकास यापेक्षा वेगळीच अडचण जाणवते, ती सूर्यास्ताची. जूनमध्ये सूर्य रात्री दहापर्यंत मावळत नाही आणि डिसेंबरात दुपारी तीनच्या आतच दिवस संपतो. चौविहार पाळणाऱ्याने डिसेंबरातील व्यापारी भेटी दुपारच्या जेवणाच्या ठेवाव्यात, हे उत्तम. त्याचा दुसराही लाभ असा की, दुपारच्या व्यावसायिक जेवणात उत्तरेकडील लोक सहसा पाणी किंवा कॉफीच घेतात. पेल्यांचा प्रश्न उपस्थित होतो तो रात्रीच्या भोजनात.

त्या रात्रीच्या भोजनाकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. कारण व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीने खरी कसोटी तेथेच लागते. फ्रँकफर्टला दर जानेवारीत ‘हाइमटेक्स्टिल’ हे घरगुती कापडाचे प्रदर्शन भरते. भारतातून टॉवेल आणि चादरींचे उत्पादक तेथे जातात. त्यांत सोलापूरकडील मंडळीही असतात. दिवसभर दालनात नमुने दाखवून झाल्यावर संध्याकाळी खरेदीदार जुन्या शहरातील एखाद्या खानावळीत नेतो. लाकडी बाकांवर सगळे बसतात, आणि निळी नक्षी काढलेल्या राखी रंगाच्या सुरईतून सोनेरी पेय समोर येते. ते दिसते सफरचंदाच्या रसासारखे, आणि सफरचंदापासूनच केलेले असते; पण ते ‘आप्फेलवाइन’ म्हणजे आंबविलेले मद्य होय. साधा रस हवा असेल तर ‘आप्फेलझाफ्ट’ म्हणावे. त्यात बुडबुड्याचे पाणी मिसळलेले ‘आप्फेलशोर्ले’ जर्मनीत आबालवृद्ध पितात, आणि पेल्यात ते बिअरहून फारसे वेगळेही दिसत नाही.

येथे जर्मनीचा एक कायदा न पिणाऱ्याच्या बाजूने उभा आहे. मद्य देणाऱ्या खानावळीने किमान एक मद्यविरहित पेय सर्वांत स्वस्त मद्यापेक्षा महाग विकता कामा नये, असा तेथील नियम आहे. आणि ही तुलना लिटरच्या हिशेबानेही करावी लागते, म्हणजे पेला लहान करून पळवाट काढता येत नाही. लोक त्याला गमतीने ‘सफरचंदरसाचे कलम’ म्हणतात. फ्रान्समध्ये जेवणासोबत नळाच्या पाण्याची सुरई मोफत मागता येते. ‘उन् काराफ् दो’ एवढे म्हटले की झाले. इंग्लंडातही मद्याचा परवाना असलेल्या ठिकाणी पिण्याचे साधे पाणी मागितल्यास विनामूल्य द्यावेच लागते. पाण्याच्या बाटलीचे आठ-आठ युरो देणाऱ्या प्रवाशांना हे सहसा ठाऊक नसते.

नकार कसा द्यावा, याचीही एक रीत आहे. पुष्कळ मंडळी संकोचाने ‘औषध चालू आहे’, ‘पोट ठीक नाही’ असे सांगून वेळ मारून नेतात. त्या रात्रीपुरते ते निभावते. पण पुढच्या वर्षी तोच खरेदीदार प्रकृतीची चौकशी करून पुन्हा बाटली पुढे करतो. खोटे कारण दरवर्षी नवे शोधावे लागते. त्यापेक्षा ‘आमच्या घरात कोणी मद्य घेत नाही, तुमच्या बरोबर रस घेईन’ हे एक वाक्य हसतमुखाने आणि आरंभीच सांगितले की प्रश्न कायमचा मिटतो. जर्मन माणूस स्पष्ट बोलण्याचा राग मानत नाही. उलट आधी हो म्हणून नंतर भरलेला पेला तसाच ठेवणे त्याला विचित्र वाटते. पेले उंचावताना परस्परांच्या डोळ्यांत पाहण्याचा तेथील शिष्टाचार आहे. मात्र पाण्याचा पेला टेकवणे काही जर्मन अशुभ मानतात, म्हणून हाती रसाचा पेला असावा.

आयर्लंडात तर न पिणाऱ्यांची स्वतःची परंपरा आहे. १८३८ मध्ये कॉर्क शहरात फादर मॅथ्यू यांनी मद्यत्यागाच्या प्रतिज्ञेची चळवळ उभी केली आणि लाखो लोकांनी ती घेतली. १८९८ मध्ये डब्लिनला ‘पायोनियर’ नावाची संपूर्ण मद्यत्यागाची संघटना निघाली. तिचे सभासद कोटावर लहानशी खूण लावतात. ती खूण दिसली की कोणी आग्रह करीत नाही. बिअरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देशात व्रताचे असे उघड चिन्ह मिरविणारे लोक आहेत, हे पाहून जैन प्रवाशास आपलेपणा वाटल्याशिवाय राहणार नाही.

आता ती मेख. जैन आचारात त्याग तीन अंगांचा सांगितला आहे : स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केल्यास अनुमोदन देणे, म्हणजे कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः न पिण्याचा भाग सोपा. पण सोलापूरचा उत्पादक जेव्हा यजमान असतो, सहा खरेदीदारांना भोजनास बोलावतो, आणि देयकात वाईनच्या चार बाटल्या असतात, तेव्हा काय? इनर टेंपलच्या पंगतीत गांधींच्या वाट्याची वाईन इतरांनी घेतली. तेथे ते पाहुणे होते, विद्यार्थी होते. पैसे देणाऱ्या यजमानाची गोष्ट निराळी आहे.

यावर व्यापारी मंडळींनी आपापल्या परीने वाटा काढल्या आहेत, आणि त्यांत मतभेदही आहेत. काही जण सायंकाळच्या भोजनाऐवजी दुपारचे निमंत्रण देतात. काही जण आवर्जून शाकाहारी उपाहारगृह निवडतात. युरोपातील मोठ्या शहरांत आता ती मिळतात, आणि जेथे मद्य ठेवतच नाहीत अशीही असतात. काही जण जेवणाचे पैसे देतात आणि पेयांचे देयक वेगळे करावे असे आधीच सांगतात. हे सांगणे अवघड जाते, पण युरोपात देयक विभागून देण्याची पद्धत सर्रास आहे, त्यामुळे तेथे ते कृपणपणाचे लक्षण ठरत नाही. आणखी काही जण ‘अतिथीच्या आवडीचा प्रश्न अतिथीचा’ असे म्हणून देयक चुकते करतात. या शेवटच्या वाटेने जाणाऱ्यांत मोठमोठे धर्मप्रेमी दातेही आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी मालाचा भाव आणि वेळेवर पोहोचविण्याचा शब्द या दोन गोष्टी पक्क्या असल्या की, केवळ वाईन पाजली नाही म्हणून मागणी रद्द करणारा खरेदीदार क्वचितच भेटेल. मागणी गेली तर तिची कारणे बहुधा भावातच सापडतात.

उघड पेल्यापेक्षा अन्नात लपलेले मद्य अधिक फसवे असते. ‘शाकाहारी’ म्हणून मागविलेल्या पदार्थातही ते असू शकते, कारण मद्य वनस्पतीजन्य असल्याने तेथील आचाऱ्याच्या लेखी शाकाहाराच्या आड येत नाही. स्वित्झर्लंडच्या सहलीत हमखास समोर येणारे चीजचे ‘फोंड्यू’ पांढऱ्या वाईनमध्ये शिजवितात आणि वर ‘किर्श’ हे चेरीचे तीव्र मद्य घालतात. इटलीचा ‘रिसोत्तो’ भात परतताना वाईन ओततात. ‘तिरामिसू’मध्ये बहुधा मार्साला किंवा रम असते. जर्मनीच्या ‘ब्लॅक फॉरेस्ट’ केकला तर किर्शखेरीज त्या नावाचा अधिकारच नाही. पुण्या-मुंबईच्या बेकरीतील त्याच नावाचा केक आठवून तो मुलांना भरविणाऱ्या कितीतरी माता या गोष्टीपासून अनभिज्ञ असतात. बेल्जियमच्या चॉकलेटच्या पेटीत दोन-चार वड्या मद्यभरल्या असतात. इंग्लंडातील नाताळच्या पुडिंगात ब्रँडी असते.

मद्य शिजवताना उडून जाते, हे आचाऱ्याचे उत्तर अर्धसत्य आहे. काही अंश शिल्लक राहतोच, आणि व्रताच्या दृष्टीने तर शिल्लक किती हा प्रश्नच गौण. युरोपीय संघाच्या नियमांनुसार उपाहारगृहाने चौदा अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती देणे बंधनकारक आहे. अंडे, दूध, मासा, तीळ, गहू हे सारे त्या यादीत येतात. मद्य येत नाही. म्हणून विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. बाटलीबंद पेयावर मद्यांश १.२ टक्क्यांहून अधिक असेल तर तो छापावा लागतो. त्याखालचे छापण्याची सक्ती नाही. जर्मनीत ‘मद्यविरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरमध्येही अर्ध्या टक्क्यापर्यंत अंश असू शकतो. जर्मनीत ‘ओने आल्कोहोल’, फ्रान्समध्ये ‘साँ आल्कोल’, इटलीत ‘सेन्झा आल्कोल’ हे शब्द पाठ असावेत. ‘राडलर’ आणि ‘पानाशे’ ही नावे लिंबूपाण्यासारखी वाटली तरी त्यांत बिअर असते. ‘सिद्र’ हा फ्रान्समध्ये मद्याचाच प्रकार आहे. ऑस्ट्रियात ‘मोस्ट’ म्हणजे आंबविलेला फळरस. न आंबविलेला हवा असेल तर ‘झ्यूसमोस्ट’ म्हणावे लागते. नाताळच्या बाजारात थंडीने कुडकुडताना वाफाळणारा ‘ग्लूवाइन’ मोह घालतो. त्याच टपरीवर शेजारी ‘किंडरपुन्श’ म्हणजे मुलांसाठीचा गरम मसालेदार रस असतो, तो मोठ्यांनी मागितला तरी कोणी हसत नाही.

‘वाईन म्हणजे द्राक्षाचाच रस, त्यात हिंसा कोठे’ असा युक्तिवाद करणारे तरुण आता घराघरांत आहेत. त्यांना हेही सांगावयास हवे की, वाईन आणि बिअर नितळ करण्यासाठी अंड्यातील पांढरा बलक, जिलेटिन किंवा माशाच्या हवेच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ वापरण्याची जुनी पद्धत आहे. आंबवणाच्या मूळ प्रक्रियेतील जीवांचा विचार तर निराळाच.

धुराच्या बाबतीत युरोप गेल्या वीस वर्षांत ओळखू न येण्याइतका बदलला आहे. २९ मार्च २००४ रोजी आयर्लंडने पबसह सर्व बंदिस्त कामाच्या जागी धूम्रपान बंद केले. देशव्यापी असा कायदा जगात पहिलाच. १० जानेवारी २००५ पासून इटलीने, १ जुलै २००७ पासून इंग्लंडने तोच मार्ग धरला. ‘इटालियन माणूस कॉफी आणि सिगारेट यांची फारकत सहन करणार नाही’ असे भाकीत करणारे तोंडघशी पडले. बव्हेरियात तर जुलै २०१० मध्ये लोकांनीच मतदान करून कडक बंदी आणली, आणि ऑक्टोबरफेस्टच्या तंबूंतूनही धूर गेला; बिअर तेवढी राहिली. अलीकडे बंदी घराबाहेरही पसरत आहे. १ जानेवारी २०२५ पासून मिलान शहरात रस्त्यावरसुद्धा इतरांपासून दहा मीटर अंतर ठेवल्याशिवाय सिगारेट ओढता येत नाही. फ्रान्सने त्याच वर्षीच्या उन्हाळ्यापासून समुद्रकिनारे, उद्याने, बसथांबे आणि शाळांचा परिसर धूम्रपानमुक्त केला. दंड १३५ युरो. कॉफीगृहांच्या बाहेरच्या खुर्च्या मात्र सुटल्या. त्यामुळे धुराचा तिटकारा असणाऱ्या कुटुंबाने पॅरिसमध्ये बाहेरच्या टेबलांऐवजी आत बसावे. भारतीय प्रवासी नेमके उलट करतो आणि मग नाक धरून बसतो.

तरुणांच्या हाती दिसणाऱ्या रंगीत ई-सिगारेटबद्दल एक इशारा आवश्यक आहे. एकदा वापरून टाकावयाच्या अशा ई-सिगारेटी बेल्जियमने १ जानेवारी २०२५ पासून आणि ब्रिटनने १ जून २०२५ पासून बंद केल्या. ज्या प्रकारच्या अजून तेथे मिळतात, त्याही भारतात आणता येत नाहीत. २०१९ च्या कायद्याने त्यांची आयात हा गुन्हा आहे. फळांचा वास आणि खेळण्यासारखे रूप पाहून मुले ती व्यसनाची वस्तू आहे हे विसरतात, पालकही विसरतात.

वाहन चालविणाऱ्यांसाठी नियम थोडक्यात असे : हंगेरी, चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकियात रक्तातील मद्याची मर्यादा शून्य, स्वीडन, नॉर्वे आणि पोलंडमध्ये जवळजवळ शून्य, बहुतेक देशांत लिटरमागे अर्धा ग्रॅम, इंग्लंडात मात्र अजूनही ०.८. न पिणाऱ्यास यातून काही भीती नाही, आणि मित्रमंडळींच्या सहलीत गाडीचे चाक त्याच्याच हाती येते. पोलंडमध्ये रस्त्यावर वा उद्यानात उघडी बाटली धरणेही दंडनीय आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये १ जून २००८ पासून मद्यपानास बंदी आहे.

एका दुकानदाराची कथा मात्र थोडक्यात आटोपण्याजोगी नाही. १९२५ साली झुरिचमध्ये गॉटलीब डुटवायलर नावाच्या व्यापाऱ्याने पाच मोटारगाड्या घेऊन फिरता किराणा सुरू केला. विकावयाचे जिन्नस अवघे सहा : कॉफी, तांदूळ, साखर, शेवयांसारखा पास्ता, खोबऱ्याची चरबी आणि साबण. त्यातून ‘मिग्रो’ ही स्वित्झर्लंडमधील सर्वांत मोठ्या किरकोळ व्यापारी संस्थांपैकी एक उभी राहिली. १९२८ पासून तिने मद्य न विकण्याचे ठरविले. तंबाखूही तिच्या दुकानांत नाही. पुढे ती सहकारी संस्था झाली. शेजारचे स्पर्धक मद्यावर भरपूर कमावीत असताना मिग्रोने ती मिळकत जवळजवळ शतकभर सोडून दिली. २०२२ मध्ये ही बंदी उठवावी का, असा प्रश्न सभासदांपुढे ठेवण्यात आला, आणि दहाही प्रादेशिक सहकारी संस्थांनी तो फेटाळला. यात एक विसंगती आहे, ती लपविण्याचे कारण नाही : मिग्रोने २००७ मध्ये ‘डेनर’ ही दुसरी साखळी घेतली, आणि तेथे मद्य व सिगारेट दोन्ही मिळतात. श्रावकाने न करावयाच्या पंधरा व्यवसायांत रसवाणिज्य म्हणजे मद्यादींचा व्यापार गणला आहे. स्वित्झर्लंडच्या सहलीत मिग्रोच्या दुकानातून फळे आणि दही घेणाऱ्या कुटुंबाला हे ठाऊक असेल, तर उपकंपनीच्या मार्गाने तोच व्यापार करणे बंधनात बसते काय, यावर गाडीत बसून उत्तम चर्चा होऊ शकेल. इकडेही असे भागीदारीचे प्रश्न काही घरांत उभे राहिलेले आहेत.

बेल्जियमचे अँटवर्प हे बंदर जैन व्यापाऱ्यांना परके नाही. मध्यवर्ती स्थानकाजवळच्या होवेनिर्सस्ट्राट परिसरात हिऱ्यांचा बाजार भरतो, आणि गेल्या अर्धशतकात मूळच्या पालनपूरकडील जैन कुटुंबांनी तेथे मोठे स्थान मिळविले. त्या बाजाराची परंपरा ज्यू व्यापाऱ्यांची. लाखोंचा सौदा ठरला की दोघे हात मिळवितात आणि ‘माझल’ हा शब्द उच्चारतात. शुभ होवो असा त्याचा भाव. कागद नंतर होतात, पण शब्द उच्चारल्यावर मागे फिरणारा बाजारातून उठतो. गुजराती हिरेव्यापारीही त्याच शब्दाने सौदा पक्का करतात. त्यासाठी पेला भरावा लागत नाही.

शहराच्या विल्राइक उपनगरात या कुटुंबांनी भारतात घडविलेल्या संगमरवराचे देरासर उभारले असून २०१० मध्ये त्याची प्रतिष्ठा झाली. ब्रुसेल्सहून रेल्वेने अँटवर्पला पाऊण तासात पोहोचता येते, त्यामुळे युरोपच्या सहलीत एक दिवस काढणे कठीण नाही. जाण्यापूर्वी वेळेची चौकशी करावी, आणि चॉकलेटची पेटी सोबत न्यावयाची असेल तर आधी तिच्यावरील घटकांची यादी वाचून घ्यावी.